डब्याचं वजन

गल्लीत तिला सगळे अर्धी डॉक्टर म्हणत. बायोमेडिकल इंजिनिअर म्हणताना भल्याभल्यांची जीभ अडखळायची. त्यातलं 'मेडिकल' तेवढं लोकांनी लक्षात ठेवलं होतं. शेजारच्या काकू तर तिला रस्त्यात गाठून जीभ बाहेर काढून दाखवायच्या. ती शांतपणे सांगायची, "काकू, रक्तदाबाचं यंत्र बिघडलं तर मला बोलवा. तुम्ही बिघडलात तर डॉक्टरांना." काकू रुसायच्या आणि दोन दिवसांनी पुन्हा जीभ दाखवायच्या.

तिची खोली इस्पितळाच्या तळघरात, धुलाईघराला लागून. कायम ओल्या चादरींचा वास. सलाइनचे पंप, हृदयाचे ठोके दाखवणारे पडदे, बाळांचे वजनकाटे तिच्या टेबलावर मुके होऊन यायचे आणि बोलते होऊन वर जायचे. आभार कुणी मानत नसे. चालणाऱ्या यंत्राकडे बघतंय कोण? पण तिला त्या कामाचं वेड होतं. एखादा पंप उघडून बसली की जेवायचंही भान राहायचं नाही.

वेडाने पोट भरतं, हप्ता भरत नाही. पगार बेताचा, आणि त्यातला निम्म्याहून जास्त शिक्षणकर्जाच्या घशात जायचा. कर्जाला तारण होतं बाबांचं सुट्या तेलाचं दुकान, आणि तेच तिला रात्रंदिवस खुपत होतं. हप्ता चुकला तर टाळं बाबांच्या दुकानाला लागणार होतं.

अशात यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीने तिला बोलावलं. काम विक्रीचं, पगार दुप्पट. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. हो म्हटलं तर दुकान लवकर मोकळं होणार. पण मग यंत्र उघडायचं नाही, नुसते त्याचे गुण गात दारोदार हिंडायचं. नाही म्हटलं तर बाबांच्या नजरेला नजर कशी द्यायची? इकडे आड, तिकडे विहीर.

त्याच आठवड्यात नवजात बाळांच्या खोलीतून तक्रार आली की काटा चुकतोय; एकच बाळ सकाळी जड आणि संध्याकाळी हलकं भरतंय. तिने काटा तपासला, तो चोख होता. चूक दुपट्याची होती. सकाळची नवी सिस्टर जाडजूड दुपट्यासकट बाळाचं वजन लिहीत होती. तिने जाता जाता सिस्टरला सांगितलं, "आधी धडा करा, मग बाळ ठेवा." दुसऱ्या दिवशी सिस्टर बिचारी नर्सिंगचं पुस्तकच घेऊन तळघरात उतरली. म्हणाली, कोणता धडा करू ते सांगा, सगळे नाही होणार.

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हा शब्द इस्पितळातला नव्हताच, बाबांच्या दुकानातला होता. गिऱ्हाईक आपला डबा घेऊन आलं की बाबा रिकामा डबा एका पारड्यात ठेवत, दुसऱ्यात वजनं टाकून काटा बरोबरीला आणत आणि मगच तेल ओतत. तो धडा. डब्याचे पैसे गिऱ्हाइकाने का द्यायचे?

शुक्रवारी दुपारी दुकानात सामसूम असताना तिने ही गंमत बाबांना सांगितली. बाबा ठसका लागेपर्यंत हसले. त्या हसण्याच्या आधाराने तिने कंपनीचीही गोष्ट सांगून टाकली. त्या पगाराचाही धडा करून पाहिला, म्हणाली. प्रवासभत्ता आणि कमिशन काढलं तर दुप्पट राहत नाही, पण आतापेक्षा बरंच जास्त राहतं. म्हणजे आकडा खरा होता, आणि म्हणूनच तिचा पाय अडकला होता.

बाबा बराच वेळ फडक्याने पारडं पुसत राहिले. शाळा संपल्यावर तिला यंत्रदुरुस्तीची पदविका करायची होती. घराजवळची, स्वस्तातली. बाबांनी ऐकलं नव्हतं. घरात पदवीच आली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. कर्जाच्या कागदावर सही करायला जाताना त्यांनी आरशात बघून दोनदा भांग पाडला होता.

"ती पदविका केली असतीस तर कर्ज किती झालं असतं?" त्यांनी विचारलं.

"याचा चौथा हिस्सा."

"मग तेवढं तुझं. तू डब्यासकट तोलते आहेस, बाई. डबा माझा आहे. हौस माझी होती."

"बाबा, असं कुठे असतं का?"

"गिऱ्हाइकाकडून कधी डब्याचे पैसे घेतले नाहीत. पोटच्या पोरीकडून घेऊ?"

तिला रडू आलं, आणि रागही आला. हे इतकी वर्षं का नाही बोललात, असं ती बोलूनही गेली. बाबा म्हणाले, मला वाटायचं तू खूश आहेस. कामात खूश आहेच, ती म्हणाली, आणि म्हणताना तिलाच कळलं की उत्तर त्यातच होतं.

शनिवारी तिने कंपनीला नकार कळवला. दुकान अजून तारण आहे आणि बरीच वर्षं राहील. त्यात कसली जादू झाली नाही.

पहिल्या तारखेला बाबांनी गल्ल्यातून काही नोटा काढून तिच्यापुढे धरल्या. "हे डब्याचे," म्हणाले. नको हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण नको म्हटलं असतं तर डबा पुन्हा तिच्याच पारड्यात पडला असता, आणि बाबा उभ्या आयुष्यात पहिल्यांदा खोटं तोलणारे ठरले असते. तिने तेलकट नोटा घेतल्या आणि हप्ता भरायला निघाली.