आक्काने मागितलेली ओवाळणी

संक्रांत चार दिवसांवर आली होती. सकाळी इंदापुरात घरी चहा पीत बसलो होतो आणि पिंपळीहून भाच्याचा फोन आला. "मामा, आई गेली." कालव्याच्या कडेने रोजची फेरी मारून आली, ओसरीवर टेकली आणि तशीच गेली... आक्का आम्हा चार भावंडांत थोरली. चाळिशीत साखर लागलेली ही बाई एकाहत्तरपर्यंत स्वतःच्या पायांवर हिंडली. आणि सावडायला जमलेल्या पाहुण्यांनी निकाल काय दिला? घराण्याचीच साखर, कितीही चाला, चुकत नसते! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड महिना झाला, अजून उतरलेली नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आमचं घराणं मूळचं मेंढरांमागे फिरणारं. आजोबा दर साल कळप घेऊन कोकणात उतरायचे. महिनोन् महिने चालणं आणि खायला बाजरीची भाकरी. वडलांच्या काळात पाणी आलं, मेंढरं विकली, ऊस लागला. आम्हा भावांच्या काळात तर बांधावर जायलाही मोटरसायकल. दिवसाला सात-आठ चहा, तेही गोडमिट्ट, कारण साखर कमी पडली तर पाहुणा गावभर सांगणार. वडलांना साखर निघाली, मग आक्काला, मग तिच्या पाठच्या अण्णाला. अण्णा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. तेव्हाही लोक हेच म्हणाले, रक्तातच आहे.

आक्का ऐकून घेणारी नव्हती. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंना तिने अर्धा तास धरून बसवलं. बाईंनी समजावलं की आईबापांकडून एकच एक दोष येत नाही, बारीकसारीक पुष्कळ येतात, ते मिळून शरीराचा कल ठरवतात. पण तो कल जागा होणार की निजून राहणार, हे बरंचसं खाण्यावर, चालण्यावर, झोपेवर ठरतं. बरंचसं, सगळं नाही, हेही त्यांनी सांगितलं. आक्काने घरी येऊन आम्हा उरलेल्या दोघा भावांना समोर बसवलं.

"रगात आज्याचंच हाय की. आज्याला कुठं साखर व्हती? आज्या चालत व्हता, तुमी बसताय."

त्या वर्षीच्या भाऊबीजेला तिने जाहीर करून टाकलं, मला साडी नको, ओवाळणीच्या ताटात रक्ताचा रिपोर्ट टाका. मधला भाऊ तात्या पोट धरधरून हसला, पण रिपोर्ट आणला. एकदम फर्स्टक्लास! सलग सहा वर्षं तसाच. सातव्या वर्षी, एक्कावन्नाचा असताना, तोही अण्णासारखाच गेला. मग वहिनीने रडत रडत सांगितलं... भाऊबीजेआधी दहा दिवस तात्या चहा बंद करायचा, पहाटे उठून रानात चकरा मारायचा, भाकरी आणि मेथीवर राहायचा. रक्त दिलं की लाडू-करंज्यांवर तुटून पडायचा. परीक्षेच्या तोंडावर पोरं घोकतात, तसा हा आमचा तात्या.

तात्यावर मी वर्षानुवर्षं चिडून होतो. आणि गेल्या भाऊबीजेला मी तेच केलं! निवृत्त होऊन घरी बसलो, पोट सुटलं, उन्हाळ्यात डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं होतं. ते मी बायकोपासूनही लपवलं. खरं सांगतो, भ्यालो. दोन भाऊ घालवलेल्या बहिणीपुढे तिसरा म्हणून उभं राहायची माझी छाती झाली नाही. मग दहा दिवस भाकरी खाल्ली, चाललो आणि साळसूदासारखा रिपोर्ट ताटात ठेवला. आक्काने ओवाळलं, चष्मा लावून कागद वाचला, घडी घातली. निघताना फाटकापर्यंत आली.

"पुढल्या खेपेला ती तीन महिन्यांची साखर बघत्यात, ती काढ, बाळा. तिला धा दिसांची भाकर फसवत न्हाय."

मी मान खाली घालून गाडी चालू केली. पुढली खेप आलीच नाही...

तेराव्यानंतर भाच्याने तिच्या कपाटातला पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. आत सगळे रिपोर्ट होते, वर्षवार लावलेले. तिचे स्वतःचेही, चांगले-वाईट सगळे. तात्याच्या सहाही कागदांवर पेनाने फुली मारलेली. सगळ्यांत वर माझा. त्यावर फुली नव्हती. निळ्या पेनाने, वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, "खोटा. भ्यालाय. रागवायचं न्हाय." मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस भाच्यासमोर हुंदके देऊन रडलो. त्याची लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी बारामतीत जाऊन तीन महिन्यांची साखर काढली. आदल्या दिवशी तेराव्याची बुंदी खाल्ली होती, तीही लपवली नाही. आकडा वाईट आलाय. पण खरा आहे. तो बायकोला दाखवला, दोन्ही मुलांना वाचून दाखवला, त्यांनाही रक्त द्यायला लावलं आणि कागद डब्यात सगळ्यांत वर ठेवला. रोज सकाळी चालतोय. अण्णा-तात्यांपेक्षा जास्त जगलोच आहे, आता आक्काला गाठायचंय. नाही गाठता आलं तरी पाहुण्यांनी माझ्या सावडण्याला तोंड सांभाळून बोलावं. आमच्या घराण्यात साखर आहे, कबूल. आमच्या घराण्यात आक्काही होती.