जावळीचा धडा

चौथीच्या इतिहासात जावळीचा धडा आला की मला भलताच चेव चढायचा. पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या डोंगरात आमची एकशिक्षकी शाळा. जावळीचं खोरं घाटापलीकडंच. हातातली पट्टी म्हणजे माझी तलवार, आणि महाराजांशी वैर धरणाऱ्या त्या घराण्याचं आडनाव घेऊन मी ओरडलो, "फितूर लेकाचे!" पोरं टाळ्या पिटायला लागली. एक मुलगी तेवढी मान खाली घालून बसली. तिचं आडनाव तेच होतं. काय हा गाढवपणा! रोज हजेरीत मीच तर ते घेत होतो.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत येईना. पोरं तिला वाटेत "फितूर, फितूर" चिडवत होती. मी त्यांचे कान पिळले, पण शब्द माझाच होता. पंचाईत अशी की मी जेवायला तिच्याच घरी. तिचे वडील मुंबईला गिरणीत, आई मला दोन वेळची भाकरी करून घालायची. पोर समोर बसायची, पण माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी दुपारी न राहवून मी म्हणालो, "चुकलं माझं, बाय. चल ना शाळेत."

तिनं एकदम विचारलं, "गुरुजी, आमचे लोक तवा वाईट होते. मग तुमचे लोक कुठं होते?"

हातातला घास मी ताटात ठेवला. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून जात कळायची नाही, आणि मला ते बरंच होतं. कळलं तर ताट वेगळं होईल, कदाचित उंबराही बंद होईल, ही धास्ती तीन वर्षं पोटात होती. पण या पोरीला तिच्या आडनावाची लाज वाटायला लावली ती मीच. स्वतःचं लपवून तिला कुठल्या तोंडानं शाळेत बोलावणार?

"आमच्या लोकांचं पुस्तकात नावच नाय गो," मी म्हणालो. "पाणवठ्याला हात लावायचीसुद्धा बंदी होती त्यांना. माझे वडील आमच्या नाते गावाहून महाडला चालत गेले, सगळ्यांबरोबर चवदार तळ्यात उतरले आणि ओंजळभर पाणी प्यायले. आम्ही बौद्ध."

 चुलीजवळ बसलेली तिची आई उठली आणि तिनं माझं ताट उचलून घेतलं. संपलं, म्हटलं.

तव्यावरची गरम भाकरी त्यात टाकून तिनं ताट परत पुढं सरकवलं. "मला ठावं हाय, गुरुजी. तुम्ही नाते गावचे म्हणालात, त्याच आठवड्यात तिथल्या पाव्हण्याकडनं कळलं. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत व्हते."

तीन वर्षं! तीन वर्षं त्या माउलीच्या हातचं मी भीत भीत खाल्लं. डोळ्यांतून पाणीच आलं माझ्या.

पोर माझ्याकडं टक लावून बघत होती. "उद्या वर्गात तळ्याचं सांगणार?"

"सांगीन."

"आन् माझ्या आडनावाचं?"

"आधी तुझी माफी मागीन. सगळ्यांसमोर."

"मग येते," ती म्हणाली, आणि माझ्याच ताटातला भाकरीचा तुकडा मोडून तिनं तोंडात टाकला.