दर न सांगता इकलेली पावलं

हे मी आजवर कोनालाच बोलले न्हाई. लेकीला न्हाई, शेजारनीला न्हाई. देवापुढं हात जोडले तरी तेवढं सोडून बाकीचं बोलायची. देवाला काय ठावं नव्हतं व्हय? पन आपल्या तोंडानं सांगायचं म्हनलं की जीभ जड व्हायची. तुमी म्हनाल, सत्तरी उलटली, आता काय सांगतीस बाई. सांगते. बसा जरा.

मी दुसरी शिकलेली. भिंगारात राहते. मालक मिल्ट्रीच्या मेसात भांडी घासायला हुते, ते गेल्यावर त्यांची पेन्शन मला लागली. थोडी हाय, पन म्हैन्याच्या म्हैन्याला येती. माझं एकटीचं भागतं. हे ध्यानात ठेवा — माझं भागतं.

आमच्या गल्लीत जैतुन राहती. तिचा नवरा लाकडावर कोरायचा. तो गेला, दोन पोरी पदरात, मग हिनं त्याची पटाशी हातात घेतली. गौरी येतात तवा दारापासनं देवापत्तुर पावलं उमटवतात न्हवं? त्याचे लाकडी ठसे कोरायची. एक उजवं, एक डावं, अशी जोडी. कुंकवाच्या पान्यात बुडवायचं न् फरशीवर टेकवायचं, की बोटं न् बोटं उमटायची. मुसलमानाची बाई, पन भिंगारातल्या निम्म्या गौरी तिच्या पावलांनी घरात आल्या असतील.

मालक गेल्यावर मला दुपार जाईना. तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची. तिनंच एक दिवस सागाचा तुकडा पुढं सारला. "आक्का, तोंड चालतंय तसा हात बी चालवा." असं शिकले. पैलीच जोडी कोरली ती दोन्ही पावलं डावी. जैतुन पोट धरून हासली. "तुमची गौर लंगडी घालत येनार म्हना की!" मी बी हासले. पन आतून — कसं सांगू — आतून लागलं हुतं.

गौरीच्या आदी आठ दिस ती बाजारात बसायची. एक वर्सी मी बी माझं पोतं तिच्या शेजारी हातरलं. तिची जोडी दीडशेला. वखारीतनं लाकूड आनायचं, दोन दिस कोरायचं, पॉलिशपेपरनं घासायचं — दीडशे काय जास्त हुते? मला कोनी विचारलं, आजी, केवढ्याला? तर मी म्हनले, "द्या, काय द्यायचं ते."

एवढंच. ह्यात काय पाप हाय, असं वाटलं ना तुमाला? समद्यांना तसंच वाटलं. बाई चाळीस रुपये ठेवायची, कोन तीसच. मी म्हनायची, असू द्या. मग ती शेजारच्या बाईला सांगायची — आजी देवमानूस हाय, मागत सुदीक न्हाई. न् माझ्या बाजूला जैतुन दीडशे म्हनली की लोकांना ती लालची वाटायची. तिनं काय बी केलं नव्हतं. नुसता दर सांगितला हुता.

तिसऱ्या दिवशी ती सरकून जवळ आली. हळूच म्हनली, "आक्का, तुमी दर सांगा. सव्वाशे सांगा, शंभर सांगा. पन सांगा. न्हाई सांगितला की माझं तोंड खोटं पडतंय."

समोर चार-पाच बाया उभ्या हुत्या. मी आवाज चढवला. त्यांना ऐकू जावं म्हनून चढवला. म्हनले, "मला ह्याच्यावर पोट भरायचं न्हाई बाई. मला आवड हाय."

बाया हासल्या. जैतुननं पदर नीट केला न् आपल्या पोत्यावर जाऊन बसली. त्या दिवशी तिची एक बी जोडी खपली न्हाई. दुसऱ्या वर्सी ती आलीच न्हाई. पटाशी गुंडाळून ट्रंकेत ठिवली न् लग्नाच्या हॉलवर भांडी घासायला जाऊ लागली. मालकांचे हात मी तीस वर्सं बघितले हुते. भांड्यांच्या पान्यानं बोटाच्या फटी कशा उलतात, मला कोनी सांगायला नको.

आता खरं सांगते. इतका येळ भवतीनंच फिरले.

म्या दयेनं स्वस्त दिलं न्हाई. माझी पावलं वाकडी हुती. करंगळी जाड, टाच एकीकडं खोल. दीडशे म्हनले असते तर बाईनं हातात घेऊन उलटंपालटं केलं असतं, जैतुनच्या जोडीशेजारी धरलं असतं, न् खाली ठिवलं असतं. तीस-चाळीस देनारा चूक काढत न्हाई. म्हनतो, एवढ्याशात काय बोलायचं. मला ते ठावं हुतं. पैल्या दिवसापासनं ठावं हुतं. दर सांगायची छाती नव्हती, तर त्या भित्रेपनाला म्या चांगुलपना म्हनवून घेतलं. न् ज्या बाईनं हातात हत्यार दिलं, तिचाच घास त्याच्यात गेला.

मी काय सुखात वाढले न्हाई. दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. मधलं पोर तिथंच तापानं गेलं, दुसऱ्या दिवशी हजेरीला उभी हुते. तवा मला कोनी देवमानूस म्हनलं नव्हतं. म्हातारपनी म्हनले तर ग्वाड लागलं. पन खडी तर जैतुनच्या आईनं बी फोडली हुती, माझ्याच शेजारी. तवा त्याचं नाव सांगून सुटका न्हाई.

चार वर्सं अशी गेली. मी दर वर्सी बसत हुते, द्या काय द्यायचं ते म्हनत हुते. औंदा श्रावनात माझ्या लेकीनं शेवगावाहून फोन केला. तिच्या सासूनं जैतुनची जुनी जोडी सांभाळून ठिवलीया म्हने. "आई, तसली एक जोडी मला दे. तुझी नको." हासतच म्हनली ती. पन मी फोन ठिवला न् तशीच उठून जैतुनच्या दारात गेले.

"औंदा बस बाजारात," म्हनले.

तिनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. "तुमी असताना?"

"मी दर सांगनार हाय."

"किती?"

"तू सांगशील त्याच्यावर धा रुपये."

तवा तिनं मान वर केली. "तुमची पावलं? माझ्यापरीस महाग? लोक दात काढतील, आक्का."

"काढू दे."

 ती उठून आत गेली न् ट्रंक उघडल्याचा आवाज आला.

गौरीच्या आदी आमी दोघी बसलो. तिनं दोनशे सांगितले, म्या दोनशे धा. एका तरन्या बाईनं दोन्ही जोड्या हातात धरल्या न् माझी खाली ठिवली. "आजी, ही वाकडी हायेत, न् वर धा रुपये जास्त?"

"व्हय बाई, वाकडी हायेत," मी म्हनले. "चांगली पायजेत तर तिची घे."

चार दिसांत जैतुनचं पोतं रिकामं झालं. दोन बायांनी दिवाळीसाठी कमळाचे ठसे सांगून ठिवले, तिनं मोबाईलवर त्यांचे नंबर घेतले. हॉलवर तिनं सांगून टाकलं, दिवाळीपत्तुर येनार न्हाई. माझी एक बी जोडी खपली न्हाई. जाताना तिनं माझं एक पाऊल उचललं, टाचेवर अंगठा फिरवला न् म्हनली, "पटाशी उभी धरता तुमी. तिरकी धरा. किती डाव सांगितलं तुमाला."

तवा माझ्या मनात काय हुतं ते म्या तिला आजून सांगितलं न्हाई. तिला वाचता येतं. तुमी लिवून घेताय हे तिच्या हातात पडलं तर पडू दे. ती काय म्हनंल ते म्हनंल.

आज सकाळी पटाशी तिरकी धरून नवं पाऊल कोरलं. टाच बरी आली. करंगळी आजून जाडच हाय. त्याची जोडी झाली की, वाकडी हाय असं म्हनून, साठ रुपये दर सांगीन.