रंग जपायला पुण्याला

ट्रक दारातून बाहेर काढताना बायकोनं विचारलं, "माणसं ट्रक भरून पुण्याला नेतात, तुम्ही रिकामा कशाला नेताय?" मी म्हटलं, रंग जपायला. त्यावर तिनं माझ्या बहिणीसाठी ज्वारीची दोन पोती मागं चढवायला लावली, म्हणजे कुणी विचारलंच तर सांगायला काहीतरी असावं. थंडीचे दिवस होते, सकाळचे सहा वाजले होते आणि बार्शीची वेस ओलांडायच्या आधीच माझं डोकं तापलेलं होतं.

त्याला कारण होतं. तूरडाळीच्या धंद्यात बावीस वर्षं मी एकच ट्रक वापरला. शेवटी शेवटी त्याचा मूळ रंग कोणता, हे कागदपत्रं वाचूनच कळायचं. म्हणून नवा घेताना हौसेनं गडद निळा घेतला. शोरूममधून बाहेर आला तेव्हा त्याच्या दारात मला माझी टोपी स्पष्ट दिसत होती. पण आपल्या लोकांना दुसऱ्याची नवी वस्तू नुसत्या डोळ्यांनी बघता येत नाही, हात लावूनच बघावी लागते. पूजेच्या दिवशी पाहुण्यांनी दारावर थापा मारल्या. एका मेव्हण्यानं किल्ल्यांच्या जुडग्यानं टकटक करून पत्रा जाड आहे का ते पाहिलं. एका महाभागानं नारळ थेट बंपरवरच फोडला. तीन आठवडे झाले नाहीत तोच रंगावर केसासारखे बारीक ओरखडे दिसू लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुतण्या म्हणाला, पुण्यात येरवड्याला एक कारागीर आहेत, ते गाडीवर काचेसारखी पारदर्शक फिल्म चिकटवतात, मग खडा लागो की काटा, रंगाला काही होत नाही. तेव्हाच ठरवलं की जायचं.

माझ्याकडून मी हयगय केली नव्हती हे आधीच सांगतो. एक स्वच्छ धुतलेला पांढरा पंचा मी खास ट्रकसाठी ठेवला होता. ट्रक कुठंही थांबला की मी खाली उतरायचो आणि धूळ पुसून काढायचो, दार, बॉनेट, मागचं फळकंसुद्धा. पाणी लावू द्यायचो नाही, कारण पाण्याचे डाग राहतात. हात गोल गोल फिरवत चकाकी येईपर्यंत पुसायचो.

ट्रक चालवत होता बबन. जुना ट्रक आला त्या दिवसापासून तो माझ्याकडे आहे. त्याच्या उजव्या मनगटात एक पोलादी कडं असायचं. लायसन मिळालं त्या दिवशी त्याच्या आईनं जत्रेतून आणून घातलेलं. आई गेली, हात जाडजूड झाला, आणि ते कडं मनगटातून निघेनासं झालं. जुन्या ट्रकमध्ये खिडकीवर हात टाकून तो काहीतरी गुणगुणायचा आणि कडं दारावर ठेक्यात वाजवायचा. कितीतरी रस्ते मी त्या आवाजावर डुलक्या काढत पार केले आहेत. नवा ट्रक आल्या आल्या मी त्याला बजावलं होतं, कडं दाराला लागता कामा नये. तो "बरं अण्णा" म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून लांब बाह्यांचा शर्ट घालायला लागला. थंडीसाठी असेल, असं मला वाटलं.

इंदापूरच्या अलीकडं एका डंपरनं आमचा पहिला अपमान केला. उघडी खडी भरलेली, वर ताडपत्रीचा पत्ता नाही. एक खडा उडून काचेखाली लागला आणि निळ्या रंगाचा ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडाला. मी बबनला म्हटलं, गाठ त्याला. आम्ही आठ-दहा किलोमीटर त्या डंपरच्या मागं लागलो आणि आणखी दोन खडे खाल्ले. शेवटी डंपर एका खाणीकडं वळला आणि माझी शिवीगाळ रस्त्यावरच राहिली.

भिगवणला जेवायला थांबलो. इथं चिलापी (उजनीच्या पाण्यातला काटेरी मासा) तव्यावर कुरकुरीत तळून देतात, सोबत बाजरीची भाकरी. मासा उत्तम होता. पण खानावळीपुढच्या झाडावर बगळे बसले होते आणि बगळ्यांखाली ट्रक उभा होता, त्यामुळं मी अर्धा मासा उभ्यानं खाल्ला. खानावळवाल्या बाईंनी बबनला विचारलं, मालकांना मूळव्याध आहे का.

मांजरीजवळ उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता. एकीकडं ऊस, दुसरीकडं दहा-बारा मजल्यांच्या नव्या इमारती, आणि मधल्या फटीतून सगळ्यांनाच आधी जायचं होतं. एका ट्रॉलीतून लोंबणारं पाचट (उसाची वाळलेली पानं) आमच्या डाव्या अंगावरून झाडू मारल्यासारखं फिरलं. मी खिडकीतून ओरडलो, तर ट्रॅक्टरवाला शांतपणे म्हणाला की पाचटानं रंग जात असता तर आमचा बैल कधीच पांढरा झाला असता. मी उतरून सगळी डावी बाजू पुसली. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून माझे कान किटवले, पण मी कोपरा सोडला नाही.

कात्रजच्या बाजूनं वळसा घालून संध्याकाळी पाचला धायरीत पोचलो. माझी धाकटी बहीण शैला तिथं एका सोसायटीत राहते. फाटकाशी सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते, हातात कुत्र्याची साखळी. त्यांनी ट्रककडं पाहिलं, मग माझ्याकडं. "अहो, आपल्याला बोर्ड वाचता येतो ना? ही सोसायटी आहे, गोदाम नाही." मी म्हटलं, ट्रक नवा आहे. ते म्हणाले, "असेल. त्यामुळं तो लहान होत नाही." पुण्यात माणसाला झिडकारायला आवाज चढवावा लागत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. ज्वारीची पोती तेवढी फाटकाच्या आत गेली.

शैलाच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं त्याच्या उरलेल्या मोकळ्या जागेत ट्रक लावू दिला. धायरी गाव होतं तेव्हापासूनचं त्याचं घर. "लावा की हितं. जागा हाय तवर हाय," म्हणाला आणि खाटेवर बसून आमच्याकडं बघत राहिला. मी नेहमीप्रमाणं पंचा काढून ट्रक पुसला. तेवढ्यात मावळतीचं ऊन आडवं होऊन बबनच्या बाजूच्या दारावर पडलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. दारभर बारीक ओरखडे. परवा होते त्याच्या दुप्पट.

मी बबनला हाक मारून दार दाखवलं आणि म्हटलं, हे तुझं कडं.

"न्हाई अण्णा. एकदाबी न्हाई."

"मग काय मी ओरखडलं?"

"त्ये मला काय म्हाईत."

ह्या उत्तरानं माझं होतं नव्हतं ते भान गेलं. त्या शेतकऱ्यासमोर, शैलासमोर, तिच्या दोन शेजारणींसमोर मी त्याला नको ते बोललो. बावीस वर्षं मीठ खाल्लंस, तेही काढलं. उद्या फिल्म लावली की आतले ओरखडे जन्मभर दिसत राहणार आणि ते तुझ्या नावावर राहणार, म्हणालो. शेवटी म्हणालो, एक तर कडं काढ, नाहीतर ट्रकवरून उतर. शैलानं माझा हात धरला. मी तो झटकला.

बबन वळला. रस्त्यापलीकडं लोखंडी खिडक्या बनवायचं दुकान होतं, तिकडं गेला. ठिणग्या उडालेल्या मला इथून दिसल्या. परत आला तेव्हा बाही कोपरापर्यंत वर केलेली होती आणि मनगटाभोवती बोटभर रुंद पट्ट्यात कातडी पांढरीफटक दिसत होती. "निगालं," एवढंच म्हणाला. शेतकरी खाटेवरून उठून घरात गेला. मला अजिबात वाईट वाटलं नाही, हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहितो. मी पंचा घेतला आणि ते दार पुन्हा एकदा पुसलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या गाड्यांना बंदी सुरू व्हायच्या आत येरवडा गाठायचा होता, म्हणून उजाडतानाच निघालो. तुरुंगाची लांबलचक दगडी भिंत मागं टाकून एका गल्लीत शिरलो आणि शब्बीरभाईंचं दुकान सापडलं. शब्बीरभाईंचे आजोबा टांगे रंगवायचे, वडील ट्रक रंगवायचे, ते स्वतःही हातानं ब्रश चालवत मोठे झाले. आता फिल्मचं काम मुलगा बघतो आणि ते स्टुलावर बसून चष्म्यातून मुलाला बघतात. त्यांनी आधी चहा मागवला. मी चहा थंड होऊ दिला आणि डंपर, पाचट, बगळे, मेव्हणा आणि कडं असा सगळा पाढा वाचला.

शब्बीरभाईंनी लांब वायरीचा दिवा आणला आणि ट्रकभोवती एक फेरी मारली. बराच वेळ लावला. मग विचारलं, "आपण पुसता कशानं?"

मी अभिमानानं पंचा काढून दाखवला.

"ओला करून?"

"छे, छे. पाण्याचा थेंब नाही. कोरडाच. दिवसातून चार-पाच वेळा."

त्यांनी पंचा बोटांनी चाचपला आणि माझ्याच हातात परत दिला. मग दिवा दाराजवळ धरून मला वाकायला सांगितलं. एकेक ओरखडा त्यांनी नखानं दाखवला. सगळे वाकडे, कमानीसारखे, एका हाताच्या फेऱ्याएवढे. तसेच बॉनेटवर. तसेच मागच्या फळक्यावर. तसेच डाव्या दारावर, जिथं मी बसतो आणि जिथं बबनचा हात कधी पोचत नाही. मग त्यांनी बबनच्या खिडकीची खालची कड दाखवली, जिथं चालकाचा हात टेकतो. तिथं पंचा नीट फिरत नाही. तिथला रंग कोरा करकरीत होता.

"रस्त्याची धूळ म्हणजे बारीक खडीच, साहेब," ते म्हणाले. "आधी पाण्यानं उतरवायची, मग हात लावायचा. कोरडं पुसलं की फडक्याचा पॉलिशपेपर (लाकूड घासायचा खरखरीत कागद) होतो. आणि इतकं बारीक काम दुश्मन करत नाही हो. त्याला एवढा वेळ नसतो."

मला शब्बीरभाईंचा राग आला. पंच्याचा आला, पुण्याचा आला, तीन आठवड्यांत हे न सांगणाऱ्या सगळ्या बार्शीचा आला. आयुष्यभर माझा राग कुणा ना कुणाच्या पत्त्यावर बरोबर पोचत आला आहे. त्या दिवशी तो टपालातून परत आल्यासारखा माझ्याच दारात येऊन पडला. बबन दुकानाच्या पायरीवर बसला होता. त्याच्याजवळ जाऊन मी कडं मागितलं, कशासाठी ते मलाही ठाऊक नव्हतं.

त्यानं खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली. आत कड्याचे दोन तुकडे होते. दोन्ही तुकड्यांवर सायकलच्या ट्यूबचं काळं रबर घट्ट गुंडाळलेलं होतं, फक्त कापल्या टोकांशी पोलाद चमकत होतं.

"हे कधी?" मी विचारलं.

"तुमी सांगितलं त्याच दिशी."

"मग काल बोलला का नाहीस?"

"बोललो की," बबन म्हणाला. "एकदाबी न्हाई म्हनलो."

मग मला आठवलं, की नवा ट्रक आल्यापासून ते कडं एकदाही वाजलं नव्हतं. तीन आठवडे मी रंगावरची रेघ न रेघ बघत होतो आणि हे कानांना कळलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, माझं चुकलं. हे शब्द माझ्या तोंडून बायकोनंही फारसे ऐकलेले नाहीत. तो म्हणाला, "असू द्या." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काम दोन दिवस चाललं. ट्रक पाण्यानं धुतला, यंत्रावर मऊ कापड फिरवून माझी कलाकुसर घासून काढली, टवके भरले, मग साबणाचं पाणी मारून ती फिल्म रबरी पट्टीनं दाबत दाबत बसवली. काम अप्रतिम, त्यात मला खोट काढता आली नाही, याचाही थोडा राग आला. दुपारी आम्ही कोपऱ्यावर मिसळ खाल्ली. सँपल (मिसळीवर ओतायचा जादा रस्सा, पुण्यात त्याला हेच नाव आहे) मी बबनला माझ्या वाटीतलं वाढलं. त्यानं ते खाल्लं आणि आपल्या मिसळीतलं फरसाण माझ्या ताटलीत टाकलं, नेहमीसारखं. मी शब्बीरभाईंना कडं जोडता येईल का विचारलं. ते म्हणाले, जुळेल, पण मनगटात असतानाच वेल्डिंगचा डाग देऊन जुळवावं लागेल. ते कुणाला करू देता येत नव्हतं. म्हणून मी बाजारात जाऊन त्याच मापाचं, पण खटक्यानं उघडणारं नवं पोलादी कडं घेतलं.

परतताना भिगवण मागं पडल्यावर मी बबनला म्हटलं, आता फिल्म आहे, टाक हात बाहेर, काय वाजवायचं ते वाजव. त्यानं माझा मान राखून हात खिडकीवर टाकला. वारा होता, इंजिन होतं, बाकी काही नव्हतं. नवं कडं माझ्या खिशात होतं, पण ते बाहेर काढायचा मला धीर झाला नाही. टेंभुर्णीच्या पुढं तो हात आपसूक स्टिअरिंगवर परत गेला.

पुण्याला गेलो तेव्हा रंगाला कुणाचा तरी हात लागेल म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. हात लागत होता, तो माझाच. आता मी ट्रक धुतो, आधी पाण्यानं, मग मऊ फडक्यानं. अंगावर एक रेघ नाही. बार्शीत लोक बघायला आले तेव्हा मेव्हण्यानं सवयीनं किल्ल्या काढल्या आणि मी सवयीनं त्याच्यावर खेकसलो. तेवढा मी अजून तोच आहे.

गर्दी पांगल्यावर मी बबनला बाजूला घेतलं आणि खिशातलं नवं कडं त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते उन्हात फिरवून पाहिलं, खटका दोनदा उघडझाप केला, आणि पुन्हा माझ्या हातात दिलं.

"नगं अण्णा," तो म्हणाला. "नव्याला लई जपावं लागतं."