सागवानी मोटार

आमच्या मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, एक हट्ट होता. बाजूच्या फळीला दार पाडायचं नाही. जन्मभर रेवदंड्याला होड्या बांधलेल्या माणसाचा हट्ट तो. होडीला कधी कोणी कुशीत दार ठेवतं का? एकोणीसशे तीसच्या आसपास गावातल्या एका शेटनं मुंबईहून मोटारीचा नुसता सांगाडा आणला आणि वरची पेटी बांधायचं काम मामंजींना दिलं, तेव्हा त्यांनी होडीच बांधली. सागवानाच्या जाड फळ्या, फटींत कापूस आणि राळ, चढायला फक्त मागून वाट. ड्रायव्हरची जागा पुढं आणि तिच्यामागं अखंड फळी. त्यानं खिडकीतून टांग टाकून आत जायचं. हा ड्रायव्हर म्हणजे माझा नवरा. बापानं गाडी बांधली, लेक हाकतोय. आमच्या घरात कोणाचे पाय जमिनीला लागत नव्हते. मी मेली त्याहून शहाणी. शेजारणीला सांगायची, आमची गाडी दर्यात सोडली तरी तरंगेल.

दुसऱ्या एका मालकाचीही गाडी होती, पत्र्याची आणि ताडपत्रीची. अलिबागहून रेवदंड्याकडे माणसं घेऊन दोन्ही गाड्या एकदमच सुटायच्या. वाटेत चौलला जी आधी पोचेल तिला तिथले उतारू मिळायचे, म्हणून रोजची शर्यत. आत बसलेले तरी कुठं कमी होते! "हान, हान, डब्याला मागं टाक," म्हणून ओरडायचे.

त्या दिवशी मी आणि मामंजी मागं बसलो होतो. खाजणाच्या, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या खाडीकाठच्या दलदलीच्या, बांधावर रस्ता अरुंद. तिथं दोघांपैकी एकानं मागं राहायला हवं होतं. कोणी राहिलं नाही. चाकाला चाक घासलं आणि दोन्ही गाड्या बांधावरून खाली गेल्या.

पत्र्याच्या गाडीचे तुकडे झाले. तिची माणसं चिखलात फेकली गेली, कोणाचा हात मोडला, कोणाचं डोकं फुटलं, पण सगळी जिवंत. आमची गाडी उलटी पडली, छप्पर चिखलात आणि चाकं वर. एक फळी निखळली नाही. त्याही वेळी मामंजींनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं, ते मी विसरलेली नाही. आम्ही मागच्या वाटेनं रांगत बाहेर आलो. पुढच्या खिडक्या मात्र चिखलात रुतल्या होत्या आणि माझा नवरा आत होता.

"मी बरा हाय. पाय अडकलाय निस्ता," आतून आवाज आला. मी हसले सुद्धा.

कोणीतरी कुऱ्हाड आणली. मामंजींनी ती काढून घेतली. "फली फोडू नका. भरती लागलीय. पानी तिला आपसूक उचलंल, मंग वढू." चिखलात रुतलेली होडी अशीच काढतात, तिच्यावर कुऱ्हाड कोणी घालत नाही. जमलेली माणसं सगळी खाडीवरचीच, सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. दोर बांधून सगळे वाट बघत बसले. इंजिनाचं लोखंड तरंगत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी फळीला तोंड लावून नवऱ्याशी बोलत होते. त्यानं विचारलं, "पानी आलं का गं?"

"आलं, आलं," मी म्हटलं. केवढ्या आनंदानं म्हटलं.

पाणी चढलं. गाडी तसूभर हलली नाही. आतून फळीवर थापा पडायला लागल्या, तेव्हा मामंजी कुऱ्हाड घेऊन धावले. पण ते लाकूड त्यांनीच निवडलेलं, त्यांनीच जोडलेलं. घाव बसायचा आणि कुऱ्हाड उसळून परत यायची. फळी फुटली तोवर थापा थांबल्या होत्या.

मामंजींना दोष देऊ नये, हे मला कळतं. कळून राग जात नाही. ते मरेपर्यंत मी त्यांना वेळेवर जेवायला वाढलं, पण त्यांच्याशी धड बोलले नाही.

शेटनं गाडी वर काढून सरळ केली. एवढी एकच फळी बदलावी लागली. पावसाळ्यानंतर ती पुन्हा धावू लागली आणि दुसऱ्या गाड्या सोडून लोक मुद्दाम हिच्यासाठी खोळंबून राहायचे. ही मोडायची नाही, म्हणायचे. मला अलिबागला जायचं झालं तर मी चालत जायचे.