थंडोबांचा दगड

शीतखोलीचं दार मी उघडं टाकलं, हे आधीच सांगून टाकतो. शनिवारी दुपारी ग्रंथालयातला माझा पंखा बंद पडला, अंगाची लाही होऊ लागली, म्हणून पाच मिनिटं आत जाऊन उभा राहिलो आणि गारेगार होऊन घरी गेलो. सोमवारपर्यंत हिमनदी मोरीत वाहून गेली होती.

ही हिमनदी उशीएवढी. तिचे जन्मदाते आमच्या संस्थेतले प्रयोगशाळा मदतनीस. सगळे त्यांना थंडोबा म्हणत. तळाशी खडे गोठवलेली बर्फाची लादी, तिला लोखंडी चौकट, खाली काळा दगड. यंत्र लादी तासाला बोटभर ओढायचं. टोक आलं की थंडोबा ती उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवायचे. हिमनदीखाली डोंगर कसे झिजतात, ते दगडावरच्या ओरखड्यांवरून मोजायचं. थंडोबांची बायको म्हणायची, माझं तोंड यांनी इतक्या निरखून कधी पाहिलं नाही.

एकतीस वर्षं बर्फ थंडोबांनी गोठवला आणि निबंध इतरांचे छापले गेले. या खेपेला मात्र, निवृत्तीआधी त्यांचंही नाव घालायचं प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, कबूल केलं होतं. थंडोबांनी लेकीला फोन करून कळवलंसुद्धा.

बर्फ वितळला तरी यंत्र थांबलं नव्हतं. रिकामी चौकट दगड खरवडत राहिली आणि आठ महिन्यांच्या नाजूक रेघांवर एकच जाड चर पडला. सगळे दगडाभोवती जमले. कुणीतरी दाराचं विचारलं. थंडोबा चरावरून बोट फिरवत राहिले. मी घाईघाईनं म्हणालो, वय झालं की कड्या लावायच्या राहतातच. पिकला हशा. सर सगळ्यांत मोठ्यांदा हसले, आणि निष्काळजी माणसाचं नाव निबंधावर कसं घालणार, म्हणाले.

निबंध आलाच, सातव्या महिन्यापर्यंतच्या मोजमापांवर. तीन नावं होती. त्यांत थंडोबा नव्हते.

शेवटच्या दिवशी ते खड्यांची पोती आवरत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "दार मी उघडं टाकलं होतं. आत्ता सरांना जाऊन सांगतो. तुमचं नाव घालून दुरुस्ती अजूनही छापता येईल."

पोत्याचं तोंड आवळत ते म्हणाले, "मला दाराचं सरांनीच सांगितलं."