पाढ्यांवर उतरवलेलं विमान

आमच्या थोरल्या साडूंनी उभ्या जन्मात कुणाचं ऐकलेलं मी पाहिलं नाही. केनवडला काळीभोर जमीन, दोन बैलजोड्या, घरात कंदील, आणि हे गृहस्थ नागपूरला जाऊन चक्क विमान चालवायला शिकले. सासरेबुवांनी विचारलं, "कायले?" तर म्हणाले, "बैल तं ऐकत नाहीत. हे ऐकते का पाहू." परवाना आला तो त्यांनी देवघरात ठेवला. तेव्हापासून बैलगाडी जुंपतानाही चाक, जू, कासरा अशी एकेक नावं मोठ्याने घेऊन तपासणी व्हायची, आणि तोवर बैल कंटाळून खाली बसायचे. मनगटी घड्याळाशी त्यांचं वैर होतं. वेळ ते बिड्यांत मोजायचे. रिसोड किती लांब, तर एसटीने पाच बिड्या. मी रिसोडला मास्तर. बाजाराच्या दिवशी ते माझ्या वर्गाबाहेरच्या ओट्यावर शाळा सुटायची वाट बघत बसायचे आणि धूर खिडकीतून आत सोडायचे.

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या सुमारास, एका भाद्रपदात, त्यांनी मला फ्लाइंग क्लबच्या दोनआसनी विमानात बसवून नागपूरहून अकोल्याला न्यायला काढलं. सरळ अकोल्याला जातील तर ते साडू कसले. केनवडच्या एका शेजाऱ्याने त्यांचं विमान म्हणजे थाप आहे असं चारचौघांत म्हटलं होतं, म्हणून वाकडी वाट करून त्याच्या घरावर दोन घिरट्या झाल्या. शेजारी बाहेर आला की नाही, देव जाणे. अकोल्यासाठी उत्तरेकडे वळलो आणि ढगात शिरलो. काचेबाहेर सगळं पांढरं झालं. मग रेडिओची खरखर थांबली, समोरचे दोन काटे आडवे पडले आणि बॅटरीवरचं घड्याळही बंद पडलं.

"बिजली गेली," साडू म्हणाले, जसं काही घरी ती कधी आली होती.

"आता इंजिन?"

"इंजनाची चूल येगळी हाये. ते चालते. होकायंत्र हाये, उंचीचा काटा हाये. तुमी कायले घामेघूम होऊन राह्यले?"

विमान डावीकडे कलतंय असं मी ओरडून सांगितलं. "अंग खोटं बोलते मास्तर, ढगात अंगाचं ऐकलं का मेलो," असं म्हणत त्यांनी दोन बोटांत दांडी धरून नजर होकायंत्रावर लावली. खरी अडचण वेळेची होती. खाली पातूरचा घाट. तो ओलांडायला पंधरा मिनिटं हवीत, मग खाली सपाटी. आधी उतरलो तर डोंगरावर आपटणार. मनगट माझंही मोकळंच. मी शाळेच्या घंटेवर जगणारा माणूस. आणि पेट्रोलच्या टाकीमागे बसून बिडी पेटवता येत नाही.

"पाढे म्हना," साडू म्हणाले. "दोन ते तीस. वर्गातल्या चालीवर. दोन बिड्या लागतात, म्हंजे पंधरा मिन्टं, मी ओट्यावर मोजले हायेत."

मी म्हणायला लागलो. आधी चाल जमेना, मग इतकी पळायला लागली की त्यांनी दोनदा दटावलं. एकोणतीस सत्तेला मी अडकलो. याच ठिकाणी अडकलेल्या किती पोरांना मी छड्या दिल्या असतील.

"दोनशे तीन," चौथी नापास साडू म्हणाले.

तीस दाहे तीनशे झालं आणि त्यांनी विमान हळूहळू खाली घेतलं. ढग फाटला. खाली कपाशीची सपाट शेतं होती. मला रडू आलं.

अकोल्याला उतरल्यावर पंखाखाली बसून ते बिडी पेटवत होते. तिसरी काडीही त्यांना पेटवता येईना.

"तुम्हाला पाढे येत होते," मी म्हणालो, "मग मला कशाला म्हणायला लावलेत?"

त्यांनी काडेपेटी माझ्या हातात दिली. "तुमी गप बसले असते, तं मले भेव वाटलं असतं."

घरी मात्र त्यांनी सांगितलं की मास्तर वर इतके घाबरले की पाढे म्हणायला लागले. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरातलं कुणी अजूनही तो किस्सा काढून मला चिडवतं. मी खरं सांगत नाही. त्यांनी आपलं भेव आयुष्यात एकदाच कुणाच्या तरी हाती दिलं, ते माझ्या. आणि ते तसंच माझ्यापाशी राहावं असं मला वाटतं.